पिंग लागत होतं, लेबल निघत नव्हतं

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी साडेसातला फोन आला. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने ओझर ओलांडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांची पॅकहाऊसं लागतात. त्यांतल्या एकाचे व्यवस्थापक बोलत होते. "दादा, काल नवा स्विच बसवला. आज आठातले तीन लेबल प्रिंटर मुके आहेत आणि प्रीकूलिंगच्या सहापैकी चार खोल्यांचं तापमान ऑफिसात दिसत नाही. ज्यानं बसवला तो म्हणतो, सगळ्यांना पिंग लागतंय. दुपारी कंटेनर भरायला घ्यायचाय. येता का लगेच?"

मी सातपूरला असतो. कारखान्यांची नेटवर्कं उभी करणं आणि अडली की सोडवणं हाच माझा रोजचा धंदा. द्वारकेची गर्दी आणि आडगाव नाका पार करून पोचायला तासभर लागला. स्विच म्हणजे सगळ्या उपकरणांच्या केबली जिथे जोडतात तो डबा, आणि पिंग म्हणजे एखाद्या उपकरणाला "आहेस का?" असं विचारून उत्तर येतं का बघणं. हे प्रकरण इतक्या सविस्तर लिहायचं कारण असं, की त्या स्विचवर लिहिलेल्या आयपी पत्त्यांत एकही चूक नव्हती. पत्ते बरोबर, मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) बरोबर, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं) बरोबर, आणि तरी अर्ध्यावर काम बंद. असं होतं तेव्हा बसवणाऱ्या पोराला उगाच बोल लागतो आणि चांगला स्विच खराब म्हणून परत जातो. खरं कारण भलतीकडेच असतं.

काय पणाला लागलं होतं, ते आधी सांगतो. निर्यातीचं द्राक्ष बागेतून आलं की त्यातली ऊब शक्य तितक्या लवकर काढावी लागते. यालाच प्रीकूलिंग म्हणतात. साधारण सहा ते आठ तासांत घडाच्या गराचं तापमान चार अंशांच्या खाली आणतात आणि पुढे माल शून्याच्या आसपास ठेवतात. उशीर झाला की देठ तपकिरी पडतात आणि परदेशातल्या दुकानात तो माल कोणी हातात घेत नाही. शिवाय प्रत्येक पेटीवर माल कोणत्या बागेचा, कधी भरला, हे सांगणारं लेबल लागतं. लेबलाशिवाय पेटी म्हणजे कोणाचीच नसलेली पेटी. मी पोचलो तेव्हा हॉलमध्ये टेबलांवर बायका हातात कात्र्या घेऊन बसलेल्या, अर्धाअर्धा किलोच्या पनेट, म्हणजे छोट्या डब्या, भरून तयार आणि तीन टेबलांशेजारी बिनलेबलाच्या पेट्यांची थप्पी वाढत चाललेली. शीतगृहाचे ऑपरेटर मामा दर अर्ध्या तासाने खोल्यांच्या दारावरचं तापमान वहीत हाताने लिहून घेत होते.

नेटवर्क कसं होतं

मांडणी सोपी होती. ऑफिसातल्या रॅकमध्ये एक लेयर थ्री स्विच, म्हणजे एका व्हीलॅनमधलं दुसऱ्यात पोचवू शकणारा स्विच, आणि त्यावर तीन व्हीलॅन. ऑफिस व्हीलॅन १० मध्ये, पत्ते १९२.१६८.१०.० चे. पॅकिंग हॉल व्हीलॅन २० मध्ये, १९२.१६८.२०.० चे. शीतगृह व्हीलॅन ३० मध्ये, १९२.१६८.३०.० चे. तिन्हींचा मास्क २५५.२५५.२५५.०, आणि प्रत्येक व्हीलॅनमध्ये स्विचचा स्वतःचा पत्ता शेवटी १ असलेला. तोच त्या व्हीलॅनचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार. लेबलांचं आणि तापमानाचं सॉफ्टवेअर चालवणारा सर्व्हर ऑफिसात, १९२.१६८.१०.१० वर. तो हॉलमधल्या प्रिंटरना ९१०० नंबरच्या पोर्टवर लेबल पाठवतो आणि प्रीकूलिंगच्या कंट्रोलरना मॉडबस या यंत्रांशी बोलायच्या ठरलेल्या भाषेत ५०२ वर तापमान विचारतो. (हे पोर्ट म्हणजे केबल लावायचं भोक नव्हे, सॉफ्टवेअरच्या दाराचा नंबर.) म्हणजे जे काही महत्त्वाचं आहे ते सगळं एका व्हीलॅनमधून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये जातं.

जुना स्विच बऱ्याच वर्षांचा होता. त्याचा पंखा कुरकुरायला लागला, म्हणून हंगाम भरात येण्याआधी बदलायचं ठरलं होतं. ते लांबत लांबत नेमकं हंगामातल्या रविवारवर आलं. नवा स्विच दुसऱ्या कंपनीचा. बसवणाऱ्या पोराने जुन्याचं कॉन्फिगरेशन, म्हणजे त्याला दिलेल्या आज्ञांची यादी, छापून समोर ठेवलं आणि एकेक ओळ नव्याच्या भाषेत लिहून काढली. मी ते दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. काम नेटकं होतं. व्हीलॅनचे इंटरफेस, पत्ते, मास्क, पोर्ट, डिफॉल्ट रूट, सगळं जिथल्या तिथे.

रात्री अकरा वाजता त्याने नव्या स्विचवरूनच एकेका उपकरणाला पिंग केलं होतं. आठही प्रिंटर आणि सहाही कंट्रोलर, चौदाच्या चौदा लागले. तो निर्धास्त होऊन घरी गेला, यात त्याची चूक मी काढणार नाही. सकाळी अडचण कळल्यावर त्याने केबली बदलल्या, पोर्ट बदलले, स्विच दोनदा बंद-चालू केला. मग त्याच्या मनात आलं की जुन्या स्विचच्या नोंदी कुठेतरी चिकटून राहिल्या असतील. "सर, एआरपीची नोंद चार तासांनी जाते ना? मग आपोआप सुटेल, असं वाटलं." हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे कामाला येणार आहे.

तक्ते काय सांगत होते

मी आधी स्विचचा एआरपी तक्ता बघितला. एआरपी म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक, शोधायची रीत. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या इंटरनेटच्या नियमपत्रात ती लिहून ठेवली, आणि ती आजही जवळपास जशीच्या तशी चालते. एका गल्लीत उभं राहून हाक मारायची, "१९२.१६८.३०.१४ कोण?" ज्याचा तो पत्ता आहे तो एकटाच ओ देतो आणि आपला मॅक सांगतो. हाक सगळ्यांना ऐकू जाते, उत्तर फक्त विचारणाऱ्याला. हाकेचा आवाज गल्लीबाहेर, म्हणजे व्हीलॅनबाहेर जात नाही.

तक्त्यात चौदाही उपकरणांच्या नोंदी पूर्ण होत्या. एकही अर्धवट नाही. मॅक पत्त्यांचा तक्ताही बघितला. प्रत्येक मॅक ज्या पोर्टवर असायला हवा त्याच पोर्टवर. एवढ्यावरून एक गोष्ट पक्की झाली: स्विचकडून उपकरणापर्यंतची वाट मोकळी आहे.

मग मी पिंग पुन्हा केलं, पण या वेळी पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून. स्विच साधं पिंग करतो तेव्हा ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडतं त्याचाच पत्ता पाठवणारा म्हणून लावतो. शीतगृहातल्या कंट्रोलरला पिंग केलं तर पाठवणारा १९२.१६८.३०.१, म्हणजे कंट्रोलरच्या स्वतःच्या गल्लीतला. मी मुद्दाम ऑफिसच्या बाजूचा १९२.१६८.१०.१ हा पत्ता लावून तेच पिंग केलं. चार कंट्रोलर गप्प. तीन प्रिंटर गप्प. सकाळी फोनवर ऐकलेले आकडे तसेच्या तसे समोर आले.

रविवारी रात्रीची परीक्षा इथेच चुकली होती. सर्व्हर जिथे आहे तिथून कोणी हाक मारूनच बघितली नव्हती. शेजाऱ्याला ऐकू येतं, यावरून पलीकडच्या गल्लीतल्यालाही तो उत्तर देईल असं धरता येत नाही. जाणारं पॅकेट पोचतंय, येणारं परतत नाही. आता प्रश्न एवढाच उरला, की उत्तर देताना ती उपकरणं काय करतात?

शीतगृहाच्या पोर्टवर लॅपटॉप

हे कळायला उपकरणाच्या गल्लीतच जाऊन बसावं लागतं. मामांनी शीतगृहाच्या पॅनेलमधला एक मोकळा पोर्ट दाखवला. व्हीलॅन ३० मध्ये लॅपटॉप लावला आणि वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू केलं. पोर्ट मिरर करायची, म्हणजे दुसऱ्या पोर्टवरच्या पॅकेटांची नक्कल मागवायची, गरज नव्हती, एआरपीची हाक सगळ्यांनाच ऐकू येते. फिल्टरमध्ये फक्त एआरपी ठेवलं.

पडद्यावर ओळी यायला लागल्या. "हू हॅज १९२.१६८.१०.१०? टेल १९२.१६८.३०.१४." म्हणजे "हा १०.१० कोण? ३०.१४ ला सांगा." काही सेकंदांनी पुन्हा तीच. मग ३०.१२ कडून तीच. मग ३०.१६ कडून. परत ३०.१४. उत्तर कुठेच नाही, आणि कोण देणार? १९२.१६८.१०.१० म्हणजे सर्व्हर, तो ऑफिसच्या व्हीलॅनमध्ये. शीतगृहात कितीही ओरडलं तरी त्याच्या कानावर जायचं नाही.

मी त्या पोराला जवळ बोलावून ती ओळ दाखवली. "यात चुकीचं काय आहे, सांग बरं." तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, यानं सर्व्हरला कशाला विचारायचं? यानं गेटवेला विचारायला पाहिजे, ३०.१ ला." तेच. कोणतंही उपकरण पॅकेट पाठवायच्या आधी समोरचा पत्ता आपल्याच गल्लीतला आहे का, हे बघतं. आपला पत्ता आणि समोरचा पत्ता, दोन्ही आपल्या मास्कमधून गाळून घ्यायचे. उरलेला भाग सारखा आला तर समोरचा घरचा, त्याला थेट हाक. सारखा नसेल तर बाहेरचा, मग हाक गेटवेला. २५५.२५५.२५५.० मधून गाळलं तर एकीकडे १९२.१६८.३०.० आणि दुसरीकडे १९२.१६८.१०.०, म्हणजे परका. २५५.२५५.०.० मधून गाळलं तर दोन्हीकडे १९२.१६८.०.०, म्हणजे घरचाच. ३०.१४ सर्व्हरला थेट हाक मारत होता, याचा अर्थ त्याच्या पोटात मास्क २५५.२५५.०.० असणार.

मामांनी खोली क्रमांक ४ च्या पॅनेलचं झाकण उघडलं. कंट्रोलरला चार बटणं आणि एक छोटा पडदा. मेन्यूत खाली खाली जात नेटवर्कपर्यंत पोचलो. आयपी १९२.१६८.३०.१४. मास्क २५५.२५५.०.०. गेटवे ०.०.०.०. आतून येणाऱ्या गार हवेने बोटं बधिर झाली होती, पण ते तीन आकडे बघून माझा जीव भांड्यात पडला. बाकीच्या दोघांचंही मेन्यूत जाऊन बघितलं. मास्क तोच.

हे आलं कुठून? व्यवस्थापकांना आठवत होतं. सुरुवातीला अख्ख्या पॅकहाऊसचं एकच सपाट नेटवर्क होतं. तेव्हा ज्याने पत्ते दिले त्याने शिस्तीत दिले: ऑफिसला १०, हॉलला २०, शीतगृहाला ३०. आणि सगळे एकमेकांना दिसावेत म्हणून मास्क २५५.२५५.०.०. पुढे व्हीलॅन केले तेव्हा पत्ते आधीच वाटलेले असल्याने कोणाचा पत्ता बदलावा लागला नाही. मास्क मात्र ज्यांचे आठवले त्यांचे बदलले, उरलेले तसेच राहिले. आणि तसं असूनही ती उपकरणं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली.

जुन्या स्विचने काय झाकलं होतं

ती चालली कशी, हाच या प्रकरणाचा गाभा.

पॅकहाऊसमध्ये मुकादम असतो. एखाद्या टेबलावरची बाई पलीकडच्या शेडमधल्या कोणाच्या नावाने हाक मारते. ते माणूस इथे नाही. पण मुकादम म्हणतो, "माझ्याकडे दे, मी पोचवतो." ती त्याच्या हातात देते, तो पलीकडे नेऊन देतो. काम होतं. तिला कधी कळतही नाही की ते माणूस आपल्या शेडमध्ये नाहीच.

याला प्रॉक्सी एआरपी म्हणतात. स्विचला किंवा राउटरला एका गल्लीत दुसऱ्या गल्लीतल्या पत्त्याची हाक ऐकू आली आणि तिकडची वाट त्याला माहीत असली, तर तो स्वतःचा मॅक सांगून मोकळा होतो. विचारणाऱ्याला वाटतं, सर्व्हर इथेच आहे. पॅकेट स्विचकडे येतं, स्विच ते ऑफिसात पोचवतो. १९८७ च्या आरएफसी १०२७ मध्ये ही रीत लिहिलेली आहे. ज्या यंत्रांना सबनेट, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे पाडलेले तुकडे, हेच कळत नव्हतं, त्यांना सांभाळून घेण्यासाठी ती निघाली. त्या काळी ती मोठी सोय होती.

काही कंपन्यांच्या उपकरणांत ही सवय मुळातच चालू असते. सिस्को कंपनीच्या स्विचवर चालणाऱ्या आयओएस या सॉफ्टवेअरमध्ये तसंच आहे. इतर अनेक कंपन्यांच्या स्विचमध्ये ती मुळात बंद असते आणि हवी असेल तर आपण चालू करायची. या पॅकहाऊसचा जुना स्विच पहिल्या प्रकारचा होता, नवा दुसऱ्या. दोघांपैकी कोणालाही मी खराब म्हणणार नाही.

आता तो पोरगा जे छापील कॉन्फिगरेशन समोर ठेवून काम करत होता त्याकडे बघा. मुळातच चालू असलेली गोष्ट कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेली नसते. कोणी बंद केली तरच तिची ओळ उमटते. म्हणजे त्याने कागदावरची प्रत्येक ओळ उतरवली, आणि पॅकहाऊस ज्याच्यावर उभं होतं ती गोष्ट कागदावर नव्हतीच. जुना स्विच टेबलाखाली द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटमध्ये ठेवलेला होता. आम्ही त्याला वीज दिली, कन्सोलची केबल लावली आणि कॉन्फिगरेशनऐवजी इंटरफेसची चालू स्थिती विचारली. व्हीलॅन २० आणि ३०, दोन्हींखाली सरळ लिहिलेलं होतं: प्रॉक्सी एआरपी चालू. तेव्हापासून मी एका कंपनीचा स्विच काढून दुसऱ्या कंपनीचा लावायचा असेल तर नुसत्या कॉन्फिगरेशनवर विसंबत नाही. जुना चालू असतानाच प्रत्येक इंटरफेसची स्थिती आणि पूर्ण एआरपी तक्ता फाइलमध्ये उतरवून घेतो.

दुपारच्या आत काय केलं

वाटा दोन होत्या. एक, सातही उपकरणांचे मास्क आणि गेटवे आत्ताच दुरुस्त करायचे. तेच खरं औषध. पण चार कंट्रोलर माल भरलेल्या खोल्यांवर चालू होते, आणि अशा वेळी त्यांच्या मेन्यूत हात घालून एखादं बटण चुकलं तर तापमानाची सेटिंग बदलायची भीती. दुसरी वाट, नव्या स्विचवर प्रॉक्सी एआरपी चालू करायची, म्हणजे कालपर्यंत जसं होतं तसं. मी दुसरी निवडली, फक्त हंगामापुरती आणि फक्त व्हीलॅन २० व ३० वर. ऑफिसला तिची गरज नव्हती.

इथे एक खबरदारी. मेन्यूत प्रॉक्सी एआरपीच्या शेजारीच लोकल प्रॉक्सी एआरपी नावाची दुसरी सोय असते. ती एकाच व्हीलॅनमधल्या पत्त्यांसाठीही स्विचचा मॅक सांगते. घाईत ती चालू झाली तर नवं उपकरण आपला पत्ता मोकळा आहे का विचारतं तेव्हा स्विचच ओ देऊ शकतो, आणि मग पत्ता दुसऱ्याने घेतलाय अशा तक्रारी सुरू होतात. नावं सारखी असली तरी कामं वेगळी आहेत.

एक ओळ लिहिली. लॅपटॉपवर स्विचचं उत्तर दिसणार नव्हतंच, ते थेट विचारणाऱ्याकडे जातं. मला दिसलं ते एवढंच, की ३०.१२, ३०.१४ आणि ३०.१६ यांच्या हाका थांबल्या. तेवढ्यात हॉलमधून लेबल टेबलावरच्या ताईंचा आवाज आला, "आलं, आलं, तिन्ही प्रिंटरला आलं!" ऑफिसच्या पडद्यावर तीन खोल्यांचे आकडे उमटले. थप्पीतल्या पेट्यांना लेबलं लागायला लागली.

खोली क्रमांक ५ मात्र अजून कोरी.

पाचवी खोली

पाचव्या खोलीचा कंट्रोलर ३०.१५. आता आठवलं, तो सकाळपासून एकदाही हाक मारताना दिसला नव्हता. जो विचारतच नाही, त्याला प्रॉक्सी एआरपीचा उपयोग काय होणार? पण पिंगच्या परीक्षेत तोही गप्पच होता, म्हणजे त्याचीही उत्तरं कुठेतरी हरवत होती.

मी वायरशार्कमधलं एआरपीचं फिल्टर काढून टाकलं. आणि लगेच एक गोष्ट खटकली. ३०.१५ कडून सर्व्हरला जाणारी पॅकेटं माझ्या लॅपटॉपवर दिसत होती. ती दिसायलाच नको होती. एका उपकरणाने दुसऱ्याला नेमकं पाठवलेलं पॅकेट स्विच फक्त त्या पोर्टवर सोडतो. सगळीकडे सोडतो ते एकाच परिस्थितीत, जेव्हा ज्या मॅकला ते पाठवलंय तो कोणत्या पोर्टवर आहे हे त्याला माहीतच नसतं. मी पॅकेटमधला तो मॅक वाचला. शेवटच्या तीन जोड्या ४ए, सी१, ०७. नव्या स्विचचा तो नव्हता. मी वाकून क्रेटमधल्या जुन्या स्विचच्या मागचं स्टिकर बघितलं. ४ए, सी१, ०७.

कंट्रोलर अजून कालच्याच मुकादमाच्या हातात माल देत होता, आणि तो मुकादम टेबलाखाली क्रेटमध्ये बसलेला होता.

आता त्या पोराचं सकाळचं वाक्य. चार तास, म्हणजे १४,४०० सेकंद, हा आकडा खरा आहे, पण तो सिस्कोच्या आयओएसमध्ये स्विचच्या स्वतःच्या एआरपी तक्त्याचा मुळातला काळ आहे. एआरपीत दोन तक्ते असतात: एक स्विचकडे, एक समोरच्या उपकरणाकडे. दोघांचं घड्याळ वेगळं. विंडोजचा कॉम्प्युटर नोंद काही सेकंदांतच जुनी धरायला लागतो. काही छोट्या कंट्रोलरमध्ये नोंद वीज जाईपर्यंत जात नाही. पाचव्या खोलीचा कंट्रोलर तसाच निघाला. स्विच कितीही वेळा बंद-चालू केला असता तरी त्याच्या पोटातली नोंद हलली नसती.

मग नवा स्विच लागल्यावर गेटवेची नोंद तरी कशी सुधारली, हा प्रश्न पोराने विचारला आणि तो अगदी योग्य होता. आरएफसी ८२६ मध्ये नियम आहे: कोणाची हाक ऐकू आली आणि हाक मारणाऱ्याचा आयपी आपल्या तक्त्यात आधीच असेल, तर त्याचा मॅक हाकेत दिलेल्या मॅकप्रमाणे सुधारून घ्यायचा. नवा स्विच ३०.१ च्या नावाने शीतगृहात हाक मारतो, म्हणून ३०.१ ची नोंद सुधारते. पण शीतगृहाच्या गल्लीत १०.१० च्या नावाने कोण हाक मारणार? सर्व्हर तिथे राहतच नाही. म्हणून सर्व्हरच्या नावापुढे जुन्या स्विचचा मॅक तसाच चिकटून राहिला. मास्क बरोबर असलेल्या उपकरणाला हा त्रास झालाच नसता, कारण त्याच्या तक्त्यात सर्व्हरची नोंदच नसते, फक्त गेटवेची असते.

उपाय एकच, कंट्रोलरची वीज काढून परत द्यायची. पण खोलीत माल होता. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "आत्ता नको दादा. वीस मिनिटांनी डिफ्रॉस्टला जाईल, तेव्हा कॉम्प्रेसर बंदच असतो. तेव्हा काढू." आम्ही थांबलो. वीस मिनिटांनी त्यांनी एमसीबी खाली केला, दहापर्यंत मोजलं आणि वर केला. लॅपटॉपवर ओळ आली: "हू हॅज १९२.१६८.१०.१०? टेल १९२.१६८.३०.१५." एकदाच. मग शांतता, आणि ऑफिसातून फोन आला की पाचव्या खोलीचा आकडा आला. कंटेनर ठरल्या वेळी भरायला लागला.

निघताना मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो रॅकच्या दाराला आतून चिकटवला. त्यावर तारीख, व्हीलॅन २० व ३० वर प्रॉक्सी एआरपी तात्पुरती चालू, कशासाठी, आणि कोणत्या सात उपकरणांचे मास्क बदलायचे आहेत त्यांची यादी. तात्पुरतं म्हणून केलेलं काम पुढच्या माणसाला कळलंच नाही, तर पाच वर्षांनी पुन्हा हाच सोमवार उगवतो.

हंगाम उतरल्यावर

प्रॉक्सी एआरपी अशीच राहू द्यायला काय हरकत, असं व्यवस्थापकांनी विचारलं. चालतंय ना? चालतंय, पण चुकीचा मास्क आयुष्यभर चुकीचाच राहतो आणि कोणाला दिसत नाही. या स्विचवर डिफॉल्ट रूट, म्हणजे माहीत नसलेल्या पत्त्यांसाठीची ठरलेली वाट, आहे, त्यामुळे स्विच १९२.१६८ मधल्या अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांसाठीही "माझ्याकडे दे" म्हणू शकतो. एखाद्याने पत्ता लिहिताना चूक केली तर उत्तर नाही असं लगेच कळण्याऐवजी पॅकेट कुठेतरी भरकटत जातं आणि शोधणाऱ्याचा दिवस जातो.

एप्रिलच्या मध्याला खोल्या रिकाम्या झाल्यावर आम्ही दोन दिवस बसलो. प्रत्येक उपकरणाच्या पुढ्यात उभं राहून बदल केला, ऑफिसातून नाही. क्रम महत्त्वाचा होता: आधी गेटवे भरायचा, मग मास्क. मास्क २५५.२५५.०.० असताना सर्व्हरसाठी गेटवे वापरलाच जात नाही, त्यामुळे तो भरल्याने काही बिघडत नाही. उलट क्रम केला आणि गेटवे ०.०.०.० राहिला, तर मास्क सुधारताक्षणी उपकरणाला सर्व्हरकडे जायची वाटच उरत नाही. सात उपकरणांपैकी दोन कंट्रोलरमध्ये गेटवे कोराच होता. कपाटात एक जादाचा लेबल प्रिंटर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला होता, तोही काढून बघितला. त्यातही मास्क जुनाच. पुढच्या हंगामात एखादा प्रिंटर बिघडल्यावर घाईघाईत लावायचा तो हाच, म्हणून तो सापडल्याचं मला जास्त समाधान वाटलं.

मग व्हीलॅन २० आणि ३० वरची प्रॉक्सी एआरपी बंद केली. नोंदी शिळ्या राहून आपल्याला फसवू नयेत म्हणून चौदाही उपकरणं एकेक करून बंद-चालू केली. या वेळी पिंग त्या पोराने केलं, सर्व्हरवर बसून, सर्व्हरच्याच पत्त्यावरून. मी शीतगृहाच्या त्याच पोर्टवर लॅपटॉप लावून बसलो होतो. मामा एकेका खोलीचा एमसीबी वर करत गेले आणि पडद्यावर एकेक ओळ येत गेली. "हू हॅज १९२.१६८.३०.१? टेल १९२.१६८.३०.११." मग ३०.१२. मग ३०.१३. सहाव्या खोलीपर्यंत सगळ्यांनी गेटवेलाच विचारलं, सर्व्हरला एकानेही नाही. दुपारी रॅकच्या दारावरचा कागद मी पोरालाच काढायला लावला.